सर्व्हिसचा जोर येतो कुठून?

गोफण फिरवणारा माणूस तुम्ही कधी नीट पाहिलाय? ज्वारी दाण्यात आली की पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहायचं, हे काम आता कमी झालंय. तरी खंडाळा, फलटण, माण भागातल्या घरांतून गोफण कशी सुटते हे सांगणारं कुणीतरी जुनं माणूस सापडतंच. त्यांच्या हातात एकदा गोफण द्या आणि हाताकडे न बघता पायांकडे बघा. आधी मागच्या पायावर भार येतो. मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी दोरीचं टोक सुटतं. दंड काही पैलवानाचे नसतात, पण दगड वावर ओलांडून जातो.

टेनिसची सर्व्हिस म्हणजे हाच प्रकार. दोरीच्या जागी रॅकेट, दगडाच्या जागी चेंडू. फरक एवढाच, की आजोबांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. आपण मात्र रील बघून कोर्टवर उतरतो आणि सगळा जोर दंडातून काढायला जातो. पहिल्या महिन्यात जोश असतो, तिसऱ्या महिन्यात खांद्यावर बर्फाची पिशवी. म्हणून रॅकेट फिरवण्याआधी हा जोर येतो कुठून, ते समजून घेऊ.

बालेवाडीतली ती फायनल

खंडाळ्यातून जाणारा महामार्ग पुण्याला वळसा घालतो, तिथेच बालेवाडीचं क्रीडा संकुल लागतं. ५ जानेवारी २०१९ रोजी तिथे महाराष्ट्र ओपनची फायनल झाली. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन, उंची सहा फूट आठ इंच. समोर क्रोएशियाचा इवो कार्लोविच, उंची सहा फूट अकरा इंच आणि वय ३९. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. अँडरसनने ७-६, ६-७, ७-६ अशी बाजी मारली. इतक्या उंचीवरून येणाऱ्या सर्व्हिसपुढे समोरच्याची किती पंचाईत होते, ते या स्कोअरवरूनच कळतं.

असं काही बघितलं की मनात पहिला विचार येतो, ‘आपली उंची पाच फूट पाच इंच, आपल्याला कुठलं जमतंय?’ विचार अगदीच चुकीचा नाही. पण तो किती बरोबर आहे, ते भूमितीलाच विचारू.

दोन मीटर ६१ सेंटिमीटर

दहावीतले समरूप त्रिकोण आठवा. टेनिस कोर्टवर बेसलाइनपासून नेट ११.८९ मीटरवर असतं. नेटपासून पुढे सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर. नेटची उंची मधोमध ०.९१४ मीटर. आता समजा, चेंडू अगदी सरळ रेषेत गेला, नेटला घासून सुटला आणि बरोबर सर्व्हिस लाइनवर पडला. मग तो किती उंचावरून मारायला हवा? ०.९१४ ला १८.२९ ने गुणा आणि ६.४० ने भागा. उत्तर येतं साधारण २.६१ मीटर.

उडी धरून, हात आणि रॅकेट पूर्ण ताणल्यावर खेळाडू आपल्या उंचीच्या साधारण दीडपट उंचीवर चेंडू गाठतो. कार्लोविचसाठी हा आकडा तीन मीटरच्या वर जातो, म्हणजे त्याला नेटच्या वरून खाली बघत मारता येतं. पाच फूट नऊ इंचांपेक्षा कमी उंचीच्या खेळाडूची सरळ रेषा मात्र नेटमध्येच अडकते.

मग बुटक्यांनी काय करायचं? दोन गोष्टी मदतीला येतात. पहिली गुरुत्वाकर्षण. चेंडू सरळ रेषेत जातच नाही, तो कमान करत खाली येतो. दुसरी फिरकी. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली की हवाच त्याला खाली दाबते. तो नेटवरून चांगला वरून जातो, तरी आतच पडतो.

ऑस्ट्रेलियाची अॅश बार्टी आठवा. उंची १६६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींएवढीच. आपल्या हिशेबाने तिचा आवाका २.४९ मीटरच्या आसपास येतो. तरी ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०२१ मध्ये विम्बल्डन आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. तिची सर्व्हिस तिचं मोठं हत्यार होतं. उंची तिच्या हातात नव्हती. फिरकी, जागा आणि शरीराची साखळी होती.

साखळीतल्या कड्या

ही साखळी जमिनीपासून सुरू होते. गुडघे वाकवून तुम्ही जमीन खाली ढकलता, जमीन तुम्हाला तेवढ्याच जोराने वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. तो जोर मांड्यांतून कमरेत येतो. कंबर आधी वळते, छाती किंचित मागे राहते, त्यामुळे पोटापाठीचे स्नायू रबरासारखे ताणले जातात. ते सुटतात तेव्हा खांदा पुढे येतो. मग कोपर सरळ होतं, दंड स्वतःभोवती आतल्या बाजूला फिरतो, कोपरापुढचा हात वळतो आणि मनगटही.

यात खरी मजा क्रमात आहे. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात ना? तसंच इथे होतं. कंबर जरा थांबते तेव्हा धड पुढे झेपावतं, धड थांबतं तेव्हा हात. प्रत्येक कडी आपला वेग पुढच्या कडीला देऊन मोकळी होते. शेवटी हा वेग किती होतो? २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या सर्व्हिसचं चित्रण करून अभ्यास झाला. त्यात पुरुष खेळाडूंचा दंड आतल्या बाजूला फिरण्याचा वेग सेकंदाला २००० अंशांहून जास्त भरला. म्हणजे सेकंदाला पाच फेऱ्यांहून अधिक!

आता मुद्द्याचं. अमेरिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ बेन किबलर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते. कंबर आणि धडातून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर हातात तेवढाच जोर आणायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणजे गुडघे न वाकवण्याचा आळस पायांनी केला, तरी दंड भरतो खांदा.

आणि चेंडू सुटल्यावरही खांद्याचं काम संपत नाही. एवढ्या वेगाने निघालेला हात थांबवायचाही असतो. ते काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात. हात मध्येच आवरला तर सगळा झटका त्यांच्यावर बसतो. म्हणून फटक्यानंतर रॅकेट समोरून दुसऱ्या बाजूच्या मांडीपर्यंत मोकळी जाऊ द्यायची.

मैदानावर करून बघा

पकड : कुऱ्हाड धरता तशी रॅकेट धरा. सुरुवातीला विचित्र वाटेल, चेंडू भलतीकडेही जाईल. पण या पकडीशिवाय हात नीट वळत नाही आणि फिरकीही बसत नाही.

टॉस : हात सरळ ठेवून चेंडू ‘फेकू’ नका, वर ‘ठेवा’. तो जरासा पुढे आणि पूर्ण ताणलेल्या रॅकेटच्या टप्प्यात यायला हवा. टॉस बिघडला तर चेंडू खाली येऊ द्या किंवा झेला. रॅकेट फिरवली नाही तर नियमाने तो फॉल्ट धरत नाहीत. वाईट टॉसमागे धावून कंबर मोडून घेण्यात काही शहाणपण नाही.

गुडघे : चेंडू हातातून सुटताना गुडघे वाकायला लागले पाहिजेत. चेंडू वर गेल्यावर मग आठवण झाली तर उशीर झाला.

मोबाइल : मित्राला बाजूला उभं करून स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. बघताना आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मग हात असा क्रम लागतोय का ते तपासा. हात आधी निघालेला दिसला, तर तिथेच गाडी घसरतेय.

आणि खांदा दुखायला लागला तर ‘खेळून मोकळा होईल’ म्हणू नका. थांबा. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

टेनिस कोर्ट जवळ नाही? काही बिघडत नाही. व्हॉलीबॉलची जंप सर्व्हिस, भालाफेक, सीमारेषेवरून कीपरकडे केलेला थ्रो, सगळीकडे पायापासून निघणारी साखळीच कामाला येते. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आला. त्याचा डावा हात लहानपणीच्या अपघातात अधू झालेला. त्याची फेक सापडली तर नक्की बघा. गोळा हातातून सुटण्याआधी पायांनी केवढं काम केलेलं असतं, ते दिसेल.

टेनिसमध्ये बाकी प्रत्येक फटका समोरच्याने पाठवलेल्या चेंडूवर मारावा लागतो. सर्व्हिसला चेंडू तुमच्याच हातात असतो. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी पंचवीस सेकंद मिळतात. उद्या मैदानावर गेलात की घाई करू नका. चेंडू दोनदा टप्पा खाऊ दे, श्वास सोडा, गुडघे वाकवा. बिनतोड सर्व्हिस पहिल्याच दिवशी पडणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कुरकुरला नाही, तर समजा साखळी जुळायला लागलीय.