विश्रांतीने वाढणारे घर्षण

बसवकल्याणच्या एका वाचकांनी विचारले आहे, की वडिलांच्या काळातील मारुती ८०० आषाढापासून दसऱ्यापर्यंत हँडब्रेक ओढून अंगणात उभी होती. आता दांडा खाली केला तरी मागचे एक चाक जागचे हलत नाही. जो ब्रेक चढणीवर गाडी धड धरीत नसे, त्यानेच सपाट अंगणात तिला इतके घट्ट का धरावे?

प्रश्नाचे मर्म असे, की हँडब्रेक लावणारे बळ आणि तो सोडवणारे बळ समान नसते. ओढताना दंडाची ताकद तरफेच्या योगाने अनेकपट होऊन केबलमार्गे मागील ड्रमांतील शूंपर्यंत पोहोचते. सोडताना मात्र सारी भिस्त काही लहान स्प्रिंगांवर असते. त्यात केबल वाकड्यातिकड्या नळीतून जाते, आणि वळणावरचा अडथळा बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो, हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. दांडगा बैल खुंटाला दाव्याचे दोन वेढे देताच एका माणसाला आवरतो, तो याच नियमाने. नळीची सर्व वळणे मिळून अर्धे वर्तुळ भरत असेल आणि घर्षणांक ०.१ असेल, तर ओढणाऱ्याला सुमारे १.४ पट जोर लागतो; गंजाने तोच अंक ०.४ झाला, की साडेतीन पट. दंड हा भुर्दंड सोसतो, स्प्रिंगला तो झेपत नाही.

परंतु ही अर्धीच हकीकत झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मला शार्ल कुलॉम्बचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही, कारण शाळेत त्याचे नाव विद्युत्भारांच्या नियमापुरते येते आणि घर्षणाच्या धड्यात बहुधा येतच नाही, हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. तो मूळचा लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर सुमारे आठ वर्षे किल्ल्याचे बांधकाम करताना त्याने प्रकृती गमावली, तेव्हा बसवकल्याणच्या किल्ल्याशेजारी राहणाऱ्या वाचकांना हा दुर्गकार आपलासा वाटावा. पुढे रोशफोरच्या गोदीत त्याने फळ्यांवर वजने लादून त्या ओढल्या, आणि त्या प्रयोगांच्या निबंधाला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. वजन ठेवल्यापासून ओढेपर्यंत किती काळ गेला, याचीही तो नोंद ठेवीत असे, आणि त्याच नोंदींतून असे निष्पन्न झाले, की लाकडावर लाकूड काही मिनिटे स्वस्थ राहिले तरी घर्षण वाढून आपल्या मर्यादेस पोहोचते. धातूवर धातूच्या बाबतीत विश्रांतीचा परिणाम जवळजवळ नाही. मात्र लाकूड व धातू अशा विजातीय जोडीत ही वाढ संथपणे चालते आणि तिला चार-पाच दिवसही लागतात. आपल्या ड्रममध्ये ओतीव लोखंडाशी शूवरचे अधातू लायनर भिडलेले असते, म्हणजे जोडी विजातीयच.

पावसाळ्यात या विश्रांतीला ओलाव्याची साथ मिळते. बीदरच्या किल्ल्याच्या जांभ्या दगडाला तांबडा रंग देणारी लोहाची प्राणिदे ज्या कुळातील, त्याच कुळातील गंज ड्रमवर धरतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि लायनरच्या छिद्रांत शिरून दोहोंना सांधतो. फवाऱ्याच्या एका पिचकारीत ब्रेक मोकळा करण्याची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही: हा सांधा बंद ड्रमच्या आत असतो, आणि तेल तेथवर पोहोचलेच तर लायनर तेलकट होऊन ब्रेक धरेनासा होईल.

इलाज धीराचा आहे. मोकळ्या चाकांना पुढेमागे दगड लावावेत, दांडा पूर्ण खाली करून केबलचा ताण सैल करावा, आणि ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने सभोवार ठोकावे; गाडीखाली कोणी नसल्याची खातरजमा करून मग दगड काढावेत व हलकेच आधी मागे, मग पुढे सरकवून पाहावे. एवढ्यानेही चाक सुटले नाही तर इंजिनाचा जोर लावून ओढण्यापेक्षा मिस्त्रीकडून ड्रम उतरवून घेणे श्रेयस्कर. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने आतील धूळ फुंकून अथवा हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, हे मिस्त्रीलाही आवर्जून सांगावे. गंजलेली केबल तेलपाण्याने तात्पुरती चालते. पण ती नळीसकट बदलणेच हिताचे. पुढील आषाढात गाडी उभी करताना हँडब्रेक सोडलेलाच ठेवावा, पहिला गिअर टाकावा, आणि चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत.