मोटारीचं इंजिन, विमानाचा पंखा – लेखांक 6 : शाफ्टचा पीळ

मोटारीच्या इंजिनाच्या 5,000 फेऱ्या पंख्याला थेट का देता येत नाहीत, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज इंजिन आणि पंखा यांच्यामधल्या शाफ्टकडे वळू.

निपाणीकडे उसाच्या रानात रोटाव्हेटर चालवणाऱ्याला यातला निम्मा विषय ठाऊक असतो. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, दोन्ही टोकांना क्रॉस असतात. कोनात चालणारा एकटा क्रॉस पुढच्या शाफ्टची गती दर फेरीत दोनदा कमीजास्त करतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसवले आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवले, की एकाची चूक दुसरा भरून काढतो. घरी बांधलेल्या विमानातही हे पाळावंच लागतं.

पण तेवढ्याने भागत नाही. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीत दोन धक्के देतं. 5,000 फेऱ्यांना 60 किलोवॉट म्हणजे सरासरी पीळ सुमारे 115 न्यूटन-मीटर. धक्क्याच्या क्षणी मात्र तो कितीतरी वर चढतो. मोटारीत क्लच प्लेटच्या स्प्रिंगा आणि टायर हे धक्के पचवतात. विमानात एका टोकाला फ्लायव्हील, दुसऱ्या टोकाला जड पंखा आणि मधला शाफ्ट म्हणजे पिळाची स्प्रिंग. या जोडणीला स्वतःची कंपनसंख्या असते. धक्के तिच्याशी जुळले, की पीळ दर धक्क्यागणिक साठत जातो आणि भक्कम वाटणारा शाफ्टही तुटतो.

म्हणूनच ‘जाड शाफ्ट घाला’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. समजा, इंजिन 1,200 ते 5,000 फेऱ्यांत चालणार, म्हणजे सेकंदाला 40 ते 167 धक्के. कंपनसंख्या 25 असेल तर ती या टापूच्या खाली राहते. आता भरीव शाफ्टचा व्यास दुप्पट केला. ताठपणा 16 पट होतो, कंपनसंख्या चौपट, म्हणजे 100. ती नेमकी 3,000 फेऱ्यांवर येऊन बसते! ताठच करायचं तर 167 च्या बरंच वर जावं लागेल, आणि त्यासाठी शाफ्ट आखूडही हवा.

दुसऱ्या महायुद्धातल्या बेल पी-39 विमानात इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे होतं आणि सुमारे 10 फुटांचा शाफ्ट त्याच्या आसनाखालून नाकापर्यंत जाई. ते जमलं, त्यात 12 सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा वाटा होता: दर फेरीत सहा धक्के, आणि म्हणून पीळ खूपच सलग. चार सिलिंडरवाल्याने ती नक्कल करू नये.

रबर कपलिंग लावून शाफ्ट मऊ ठेवणं हा मला पटणारा मार्ग. त्यातही एक फट आहे. एखादा प्लग बंद पडला, तर दर दोन फेऱ्यांना एक अशी नवी लय सुरू होते. 25 ची कंपनसंख्या तिला 3,000 फेऱ्यांवरच गाठते, म्हणजे उडत असताना.

बेळगावच्या उद्यमबागेत शाफ्ट कातून मिळेल. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये तर विमानांचेच भाग बनतात. पण व्यास किती, हे आधी या गणितातून यावं. मग विमान जमिनीला जखडून, पंख्यापासून सगळ्यांना दूर ठेवून आणि शाफ्टवर स्ट्रेन गेज लावून एका प्लगची वायर काढायची आणि फेऱ्या हळूहळू चढवत पीळ मोजायचा. पीळ चढू लागला की तिथेच थांबायचं. त्या गेजचे आकडे कसे वाचायचे, ते पुढच्या लेखांकात.