रेडिओसाठी घडलेली कार्ट्रिज

रेकॉर्ड प्लेअरसाठी उत्तम मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज शोधायला निघालात, तर किमती लाखाच्या पुढे जायला वेळ लागत नाही. त्या झगमगाटात काळ्या प्लास्टिकच्या कवचातल्या डेनॉन डीएल-१०३ कडे फारसे कुणी थांबून पाहत नाही. किंमत कमी म्हणजे दर्जा कमी, असा हिशेब मनात आपोआप होतो. या कार्ट्रिजच्या बाबतीत तो सपशेल चुकतो.

ती मुळात घरातल्या शौकिनांसाठी नव्हतीच. जपानच्या ‘एनएचके’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोबतीने डेनॉनने १९६२ पासून ती घडवली. दुकानात ती आली १९७० मध्ये. रेडिओ केंद्राला चमत्कार नको असतो, भरवसा हवा असतो. एक कार्ट्रिज काढून दुसरी बसवली तरी निवेदकाचा आणि गायकाचा आवाज तोच राहिला पाहिजे, डावी-उजवी बाजू समतोल हवी. आजही प्रत्येक डीएल-१०३ च्या खोक्यात, त्याच नगाची चाचणी घेऊन काढलेला आलेखाचा कागद मिळतो. मला हा कागद फार मोलाचा वाटतो. बनवणाऱ्याने आपल्या कामाचा दिलेला तो हिशेब आहे.

आत काय चालते ते पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये पिनेच्या दांडीमागे इवलासा चुंबक हलतो. मूव्हिंग कॉइलमध्ये चुंबक स्थिर आणि हलतात त्या केसाहूनही बारीक तारेच्या गुंडाळ्या. हलणारे वजन कमी, म्हणून खाचेतली बारीकशी थरथरही निसटत नाही. मोबदल्यात वीज मात्र अगदी थोडी निर्माण होते, ०.३ मिलिव्होल्ट. तिला दसपट करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा खास प्रीअँप लागतोच. पिनेचे टोक गोलाकार, त्रिज्या १६.५ मायक्रॉन. महागड्या कार्ट्रिजची टोके चाकूच्या पात्यासारखी निमुळती असतात आणि बसवताना जराही तिरकेपणा खपवून घेत नाहीत. गोल टोक त्या मानाने पुष्कळ सोशिक.

स्वतःला पेलणाऱ्या आर्मच्या बाबतीत मात्र ही कार्ट्रिज हट्टी आहे, आणि तिची बदनामी झाली ती बहुधा इथेच. तिच्या दांडीचा आधार ताठ आहे, पिनेचा भार अडीच ग्रॅम. अशा कार्ट्रिजला जड आर्म लागतो. हलक्या आर्मवर बसवली की दोघांच्या कंपनांचा मेळ बिघडतो, खर्ज विस्कटतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘यात काय एवढं?’ त्याच आर्मवर वजनदार हेडशेल (कार्ट्रिज जिथे बसते तो पुढचा भाग) लावून पाहावे: तबल्याच्या बायाँला बूड येते. आपल्याकडे अनेक घरांत सिरॅमिक कार्ट्रिजचे जुने प्लेअर आहेत. त्यांवर ही चढवण्याचा विचारही करू नये.

किशोरी आमोणकरांची जुनी एलपी या कार्ट्रिजवर ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो आवाजाचा मांसलपणा. स्वर कागदी वाटत नाही, तानपुरा मागे सरकून धूसर होत नाही, आणि मींड सुरू कुठे झाली, विसावली कुठे हे नीट कळते. मानवी आवाजाच्या पट्ट्यात दसपट किमतीच्या कार्ट्रिजनीही हिचा आदर करावा, असे माझे मत आहे. मर्यादा आहेतच. रेकॉर्डच्या आतल्या वर्तुळांत, जिथे खाचा दाटतात, तिथे गोल टोक सगळे टिपू शकत नाही; तार सप्तकातला ‘स’कार तिथे किंचित खरखरतो, झांजेची चमकही बोथट होते.

पिन झिजली की ती घरी बदलता येत नाही; कार्ट्रिजच बदलावी लागते किंवा नवे टोक बसवून देणाऱ्या कारागिराकडे पाठवावी लागते. काही हौशी लोक प्लास्टिकचे कवच उतरवून लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे चढवतात, त्यानेही खर्ज आवळला जातो. पण हाताशी मोजकेच पैसे असतील तर कवच राहू द्यावे. ते पैसे आधी आर्म आणि ट्रान्सफॉर्मरवर घालावेत.