आनंद श्रावकाचा प्रश्न

उपासकदशांग सूत्रातील पहिला श्रावक आनंद हा आपल्याच जातकुळीचा, म्हणजे व्यापारी. वाणिज्यग्रामचा गाथापती. चार कोटी सुवर्णमुद्रा भांडारात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात, असा त्याचा हिशेब सूत्रकारांनी नोंदवला आहे. गाईंचे कळप, नांगर, गाडे, जहाजे यांचीही मोजदाद आहे. भगवान महावीरांकडून बारा व्रते घेतल्यावर चौदा वर्षे त्याने ती पाळली, पंधराव्या वर्षी कारभार थोरल्या मुलाच्या हाती दिला आणि कोल्लाग सन्निवेशातील पौषधशाळेत जाऊन राहिला. पुढे संथारा घेतलेल्या अवस्थेत त्याला अवधिज्ञान झाले.

त्या सुमारास गौतमस्वामी बेल्याच्या पारण्यासाठी वाणिज्यग्रामात गोचरीला आले होते. आनंदाच्या संथाऱ्याची वार्ता कानी पडताच ते त्याच्याकडे गेले. आनंद इतका क्षीण झाला होता की उठवत नव्हते. त्याने विनविले, ‘भंते, मला आपल्यापर्यंत येता येत नाही, आपणच जवळ या, म्हणजे चरणी मस्तक ठेवीन.’ गौतम जवळ गेले. वंदना झाली. मग आनंदाने आपल्याला किती दूरवरचे दिसते ते सांगितले : तीन दिशांना लवणसमुद्रात पाचशे योजने, उत्तरेस चुल्लहिमवंत पर्वतापर्यंत.

गौतम म्हणाले, गृहस्थाला अवधिज्ञान होऊ शकते, पण इतके विशाल नव्हे. तू या वचनाची आलोचना कर, प्रायश्चित्त घे.

येथे क्षणभर थांबून दोघांकडे पाहावे. एक भगवंतांचा पहिला गणधर, चौदा पूर्वांचा धारक, स्वतः अवधिज्ञानी. दुसरा अंथरुणाला खिळलेला गृहस्थ. आपल्यापैकी कोणीही ‘मत्थएण वंदामि’ म्हणून गप्प बसला असता, आणि घरच्यांनी त्यालाच विनय म्हटले असते! आनंदाने मात्र विचारले, ‘भंते, जिनशासनात सत्य बोलल्याबद्दल आलोचना असते काय?’ गौतम म्हणाले, नाही. ‘तर मग ती आपणच करावी.’

गौतमांच्या मनात शंका शिरली. त्यांना आनंदाचा राग आला, असे सूत्रात कोठेही नाही. ते थेट दूतिपलाश चैत्यात भगवंतांकडे गेले आणि विचारले, आलोचना त्याने करावी की मी? भगवंतांनी पट्टशिष्याची बाजू सांभाळली नाही. ‘गौतमा, तूच कर, आणि आनंदाची क्षमाही माग.’ गौतम परत गेले आणि त्यांनी श्रावकाची क्षमा मागितली. पारणेसुद्धा त्यांनी त्यानंतरच केले, असे व्याख्यानांतून सांगितले जाते.

केवलज्ञान होईपर्यंत प्रत्येक साधक छद्मस्थ असतो, म्हणजे चुकू शकतो, हा आपल्याकडील सिद्धांत आहे. पाटावर बसलेल्यालाही तो लागू आहे. आचार्य स्थूलभद्रांनी बहिणींना विद्या दाखविण्यासाठी सिंहाचे रूप घेतले, तेव्हा भद्रबाहूंनी त्यांची पुढील वाचना थांबविली, ही कथाही परंपरेने लपवून ठेवलेली नाही. आपणच पुष्कळदा आपल्या पूर्वाचार्यांपेक्षा भित्रे झालो आहोत. महाराजसाहेबांपुढे, संघपतींपुढे, घरातील वडीलधाऱ्यांपुढे आपण हात जोडतो ते योग्यच. परंतु जोडलेल्या हातांनी आनंदासारखा प्रश्न विचारता येतो, हे विसरतो.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी मी एका संघाचा विश्वस्त होतो. भोजनशाळेच्या खात्यातील एक रक्कम दोनदा नावे पडली आहे, असे तेथील मुनीमजींनी भर सभेत नम्रपणे सांगितले. मी म्हणालो, ‘चोपडी आम्हीही लिहितो, मुनीमजी. आम्हाला शिकवू नका.’ सभा हसली. रात्री घरी रोजमेळ घेऊन बसलो, तेव्हा रक्कम खरोखरच दोनदा लिहिलेली आढळली. दुसऱ्या दिवशी नोंद दुरुस्त केली, सही केली. त्यांना मात्र काहीच बोललो नाही.

त्या वर्षी संवत्सरीला मी दोनशेहून अधिक जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ कळविले. त्या यादीत मुनीमजींचे नाव नव्हते. आता ते सेवानिवृत्त झाले आहेत, गुडघ्यांमुळे उपाश्रयाच्या पायऱ्या चढत नाहीत. त्यांचे घर माझ्या दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे.