सम्राटाची हाडं बदलताहेत

इ.स. 846. चीनच्या तांग घराण्याचा सम्राट वूझोंग अंथरुणाला खिळला होता. चिडचिड वाढलेली, राग-लोभाचा भरवसा उरलेला नाही. अमर होण्यासाठी तो दाओपंथी सिद्धांकडच्या गुटिका घेत होता. सिद्धांनी सांगितलं, महाराज, हा आजार नव्हे, आपली हाडं बदलताहेत. त्याच वर्षी वूझोंग गेला.

गुटिकांचा मुख्य घटक असे हिंगूळ. तो लाल खडा तापवला की चकचकीत पारा सुटतो आणि गंधकाशी मिळून पुन्हा लाल होतो. जो पदार्थ असा मरून परत येतो तो खाणाऱ्यालाही परत आणील, असा हिशेब होता. आपल्या रसशास्त्रालाही पाऱ्याची अशीच ओढ होती. चीनमध्ये या गुटिकांना राजे बळी पडत गेले, तशी दाओपंथातली साधना हळूहळू शरीराच्या आत शिरली. आता पोट हीच भट्टी आणि प्राण हेच इंधन. ही साधना फळली की ओटीपोटात एक दिव्य अर्भक वाढतं आणि अखेर टाळूतून बाहेर पडतं. 1615 च्या ‘शिंगमिंग ग्वीझी’ या ग्रंथात पोटात बाळ घेऊन बसलेल्या साधकाचं चित्रच आहे.

त्याच शरीरात शत्रूही राहतात. चौथ्या शतकातला दाओपंथी ग्रंथकार गे होंग सांगतो की माणसाच्या देहात ‘तीन प्रेतं’ असतात. माणूस लवकर मरावा, ही त्यांची इच्छा. दर साठ दिवसांनी ती वर जाऊन त्याच्या पापांची चुगली करतात. म्हणून त्या रात्री भाविक जागरण करत, झोपच लागली नाही तर चुगलखोर बाहेर पडणार कसे?

आजच्या चिनी साधना-कादंबऱ्यांनी, म्हणजे ‘श्येनश्या’ प्रकाराने, यातली भट्टी आणि अर्भक उचललं आणि त्यांच्या पायऱ्या केल्या. नायक एकेक पायरी चढतो, अंगात सोनेरी गुटिका तयार होते, पुढे अर्भक. हजारो प्रकरणं वाचूनही या पोटातल्या बाळाची कुणाला किळस येत नाही!

‘हू-वेई द बी’ या टोपणनावाच्या लेखकाला ती आली. 2021 मध्ये इंटरनेटवर क्रमशः सुरू झालेल्या त्याच्या ‘दाओ गुई यी श्येन’ कादंबरीत ली हुओवांग हा तरुण एका मठात अडकला आहे. गुरू दानयांगझी शिष्यांनाच औषधाचा कच्चा माल म्हणून वापरतो, त्यांना कुटून गुटिका करतो. पुढे ली हुओवांगच्या हाती एक ग्रंथ लागतो. त्यातून शक्ती मिळते, पण वेदनेच्या बदल्यात. नखं उपटायची, कातडी सोलायची, जेवढी यातना तेवढं सामर्थ्य. मध्येच तो मनोरुग्णालयात जागा होतो. तिथले डॉक्टर सांगतात, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे.

माझ्या मते या कादंबरीची खरी भीती रक्तामांसात नाही, निदानात आहे. मठ म्हणतो, ही प्रगती. दवाखाना म्हणतो, हा रोग. दोन्ही ठिकाणी सांगणारा अधिकारी आहे आणि देह मात्र ली हुओवांगचा. वूझोंगच्या दरबारात तरी वेगळं काय होतं?

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथेही जागी झालेली भुकेली कुंडलिनी योग्याचं मांस खाते, हाडांतला अंश शोषते, मग तेजस्वी नवा देह उभा राहतो. आपण ते न दचकता वाचतो, कारण शेवट काय होणार याची ग्वाही ज्ञानेश्वरांनी दिलेली असते. हू-वेई द बी ती ग्वाहीच काढून घेतो.

त्याने दाओपंथाची बदनामी केली, असंही म्हणता येत नाही. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीत दाओपंथी साधूचं सोंग घेतलेला एक राक्षस राजाच्या औषधासाठी 1,111 मुलांची काळजं मागतो. घरोघरी मुलं हंसांच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवलेली असतात. तिथे सुन वुकोंग हा वानर येऊन मुलांना सोडवतो. ली हुओवांगसाठी कुणी वानर येत नाही.

कादंबरी लांबलचक आहे, मध्ये बरीच रेंगाळते. पण सुरुवातीचा मठातला भाग अस्सल आहे. तेवढा तरी वाचा, फक्त जेवताना नको.