चित्रकथा आणि मनातले पूर्वग्रह

सामाजिक निषिद्धांविषयीची मते माणूस सहसा विचार करून बनवत नाही. ती घरात, शेजारीपाजारी ऐकून अंगवळणी पडतात. म्हणून नुसत्या युक्तिवादाने ती हलत नाहीत. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, इथे वेगळी वाट धरतात.

गेंगोरो तागामे यांची ‘माय ब्रदर्स हजबंड’ ही मालिका जपानमध्ये २०१४ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झाली. कथानायक याइचीच्या दिवंगत जुळ्या भावाचा कॅनेडियन नवरा, माइक, याइचीच्या दारात उभा राहतो. याइचीच्या मनातली तिखट प्रतिक्रिया आणि त्याचे वरवरचे सभ्य वागणे, दोन्ही चित्रांत दिसते. त्याची लहानगी मुलगी काना मात्र नव्या काकाला पाहून हरखते आणि बेधडक प्रश्न विचारते. याइचीचे अवघडलेपण वाचकाला ओळखीचे वाटते. ते हळूहळू विरघळते, तसा वाचकही स्वतःचा पूर्वग्रह तपासू लागतो.

भारतात हेच काम डॉ. आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’ या चित्रकथेने अस्पृश्यतेबाबत केले. ‘नवयान’ प्रकाशनाने २०११मध्ये काढलेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. १९०१मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमाला, म्हणजे बालपणीच्या आंबेडकरांना, मसूर स्थानकावर जात कळताच बैलगाडी मिळेना, पुढे वाटेत पाणीही मिळेना. जातीचा डंख असलेले संवाद विंचवाच्या नांगीच्या फुग्यांत येतात, तर मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात. अपमान केवळ कळत नाही, तो डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याची वेदना अशी समोर आली, की तिच्याकडे पाठ फिरवणे अवघड होते.