वाकडा आरसा आणि माणसाची छबी



विहिरीत सूर मारलेल्या मुलाकडे काठावरून पाहिले म्हणजे काय दिसते? पाय आखूड, कंबर लांबलेली, डोके जणू धडापासून सुटलेले आणि अंगभर उन्हाच्या रेघा थरथरत असलेल्या. पोरगे वर आले की पुन्हा होते तसेच! शाळेत गुरुजी पाण्याच्या पेल्यात पेन्सिल ठेवून दाखवतात, तोच हा प्रकार. पाण्यातून हवेत येताना प्रकाश आपली वाट बदलतो आणि डोळा फसतो.

हे दृश्य आपण पाहतो आणि विसरून जातो. हंगेरीतल्या एका तरुणाने मात्र ते धरून ठेवले. त्याचे नाव आंद्रे केर्तेस. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता, जखमीही झाला होता. १९१७ साली एस्टरगोम या गावी त्याने पाण्याखालून पोहत जाणाऱ्या एका माणसाचा फोटो घेतला. लाटांनी त्या माणसाचे अंग ताणले आहे, मोडले आहे. तरी ते माणसाचेच अंग आहे. पुढे १९२५ साली केर्तेस पॅरिसला गेला. तेथे १९३३ साली एका मासिकासाठी त्याने वाकडे आरसे आणवले. जत्रेच्या तंबूत आपल्याला घटकेत जाडे आणि घटकेत काडीसारखे दाखवणारे आरसे असतात ना, तसेच हे. त्यांच्यासमोर त्याने दोन स्त्रियांना उभे केले आणि त्यांच्या विवस्त्र देहांचे सुमारे २०० फोटो घेतले. कुठे मांडी नदीसारखी लांबत गेली आहे, कुठे हाताचा पंजा तोंडाहून मोठा झाला आहे. करामत सारी आरशाची आणि तो कुठे धरायचा हे ठरवणाऱ्या नजरेची!

आता कुणी विचारील, हा खटाटोप कशासाठी? तालुक्याच्या गावी स्टुडिओत पूर्वी फोटो काढीत, तो आठवा. मागे रंगवलेला पडदा, हात गुडघ्यावर, श्वास रोखलेला. माणूस ओळखू यावा, एवढीच त्या फोटोकडून अपेक्षा. पण ओळख पटली म्हणजे माणूस कळला का? ताप भरला की आपलाच हात जड, परका वाटतो. भीतीने पाय गळून जातात. दुःखात सारे अंग दगड होते. सपाट आरशात यातले काहीच दिसत नाही. बाहेरून दिसणारे शरीर एक आणि आतून जाणवणारे दुसरे. मला वाटते, या दुसऱ्या शरीराचा शोध हे या विचित्र फोटोंचे खरे मोल आहे. स्वप्नात वस्तू एकमेकींत मिसळतात, तशी कला असावी असे म्हणणारे लेखक-चित्रकार त्या काळी पॅरिसमध्ये होतेच. त्यांच्या पंथाला आपण अतिवास्तववाद म्हणतो.

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. पॅरिसमध्येच मॅन रे नावाचा एक अमेरिकन कलावंत राहत असे. १९२४ साली त्याने किकी नावाच्या स्त्रीचा पाठमोरा फोटो घेतला. तिच्या उघड्या पाठीवर, छापलेल्या फोटोवरच, त्याने व्हायोलिनला असतात तशी दोन छिद्रे रंगवली आणि त्याचा पुन्हा फोटो घेतला. झाले! बाईचे व्हायोलिन झाले. कल्पना मोठी नामी, यात शंका नाही. पण जरा थांबून बघा. तिचे हात पुढे घेतलेले, म्हणून दिसत नाहीत. आणि वाद्य आपण होऊन वाजत नाही. ते कुणीतरी वाजवावे लागते. प्रत्यक्षात किकी काही मुकी बाई नव्हती. ती गात असे, चित्रे काढीत असे. १९२९ साली तिच्या आठवणींचे पुस्तकही निघाले. १९५३ साली ती वारली. २०२२ साली त्या फोटोची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरांना गेली. जगाने पाठ लक्षात ठेवली. पाठीची मालकीण किती जणांना ठाऊक आहे?

याच मॅन रेकडे १९२९ साली ली मिलर ही अमेरिकन तरुणी आली. ती त्याच्या फोटोंसाठी बसे आणि त्याच्याकडे काम शिके. एकदा अंधाऱ्या खोलीत निगेटिव्ह धुतले जात असताना चुकून दिवा लागला. क्षणभराच्या त्या उजेडाने काळ्याचे काही ठिकाणी पांढरे झाले आणि आकृतीच्या कडेने शाईने ओढल्यासारखी रेघ उमटली. दोघांनी त्या अपघाताचे तंत्र बनवले. पुढे ली मिलर स्वतः नामांकित छायाचित्रकार झाली. दुसऱ्या महायुद्धात ती युरोपच्या आघाडीवर गेली आणि १९४५ साली डाखाऊ येथील छळछावणीचे फोटो तिने जगापुढे ठेवले. जिच्यावर कॅमेरा रोखला जाई, तिनेच तो हाती घेतला.

आज अंधारी खोली लागत नाही. फोनवर बोट फिरवले की एकाचे तोंड दुसऱ्याच्या धडावर बसते. गावातल्या एखाद्या मुलीचा असा खोटा फोटो फिरू लागला, तर तिची शाळा सुटते, घरची माणसे मान खाली घालतात. केर्तेसचा वाकडा आरसा उघड होता. हा लपलेला आहे. फरक आहे तो इथे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना स्टीलचा चमचा द्यावा. आतल्या बाजूला तोंड उलटे दिसते, पाठीला सुलटे पण लहान. त्यात दिसणारा स्वतःचा चेहरा त्यांना काढू द्या; खूप हसू द्या. मग एखादा फोटो पुढे ठेवून तीन प्रश्न विचारा: यात बदल कशाने झाला? तो उघड आहे की लपवलेला? आणि ज्याचे शरीर, त्याला कुणी विचारले होते का? पहिल्या प्रश्नात विज्ञान आहे, दुसऱ्यात सावधपणा, तिसऱ्यात माणुसकी. दुसऱ्याच्या अंगाला आपण न विचारता हात लावीत नाही. त्याच्या फोटोलाही लावू नये, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.